लगडीवरचं बोट

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

अविधवा नवमी. शालनची पहिली.

ती गेली गेल्या वर्षी आषाढात. यंदा वर्षश्राद्ध झालं, आणि आज तिच्या नावाने सवाष्ण जेवली. वहिनी, म्हणजे आप्पांची यमुनाबाई, सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात. वाढता वाढता म्हणाल्या, "भाग्याची हो शालन! कुंकू घेऊन गेली." भाग्याची! अठ्ठावन्नाव्या वर्षी? मी पानावरून उठणारच होतो. पण जेवायला बसलेली बाई शेजारची, तिचा काय दोष. बसून राहिलो. भात गिळला.

जेवणं झाल्यावर आप्पांनी विषय काढला. आप्पा माझे थोरले भाऊ, घरातला देवधर्म त्यांच्या शब्दाने चालतो. आमच्यात सवाष्ण गेली की वर्षानंतर तिचा चांदीचा टाक करतात, पत्र्यावर ठोकलेली बोटाएवढी बाई, आणि देव्हाऱ्यात बसवतात. आईचा आहे, आजीचा आहे. आप्पा म्हणाले, "दसऱ्याला शालनचा टाक देवात बसला पायजे, भिका. आनि चांदी तिच्या हातची घे. दुकानातली नको."

तिच्या हातची चांदी आहे घरात. मी बोटीवर असायचो आणि ती दर धनत्रयोदशीला एक लहान लगड घ्यायची. काडेपेटीपेक्षा जराशी लांब. मी फोनवर विचारायचो, काय घेतलंस? "घेतली आपली." एवढंच. तिने कधी दाखवली नाही, मीही बघायला मागितली नाही.

सगळे गेल्यावर कपाट उघडलं. साड्यांच्या खाली दुधाच्या पावडरीचा डबा, मीच कधीतरी दुबईहून आणलेला. आत लगडी, एकेक वॉयलच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. सोडवल्या, तर सगळ्या काळ्या! तव्याच्या बुडासारख्या.

ही बाई पितळेची समई आरशासारखी ठेवायची. आणि चांदी अशी? मांडवीची हवा, दुसरं काय. समुद्र दाराशी. खिडकीचे गज खातो, टीव्ही खातो, तर चांदी काय सोडणार.

बुधवार, १७ सप्टेंबर

आयुष्यभर मी एकच काम केलं. गंज काढला. खलाशी म्हणून बोटीवर चढलो, बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम होऊन उतरलो. सकाळी हातोडी घेऊन डेकवर बसायचं, गंज ठोकायचा, घासायचा, रंग मारायचा. पुढच्या टोकाला पोचेपर्यंत मागचं टोक परत तांबडं. डाग दिसला आणि सोडून दिला असा बोसन अजून जन्माला यायचाय.

त्यामुळे काळी चांदी मला बघवेना. आणि ही सोनाराकडे अशी न्यायची? लोक म्हणतील, बायको गेली आणि घर असं झालं.

मोबाईलवर शोधलं. कोणी सांगतं सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद, कोणी सांगतं अजिबात हात लावू नका, आहे तशी राहू द्या. हे हात लावू नका म्हणणारे कधी बोटीवर गेलेले नसणार! रांगोळी घेतली, चिंचेचं पाणी घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि पडवीत बैठक मारली. आधी कडा, मग पाठ, मग तोंड. बरं वाटत होतं. खूप दिवसांनी हाताला काम.

मधोमध एक डाग मात्र हट्टी. बाकीचं काळं सुटतं, तो सुटत नाही. प्रत्येक लगडीवर त्याच जागी, लांबट, नखाहून जरा मोठा. दुकानदार चिमट्याने धरत असेल तिथे. जोर लावला. निघाला! माझ्यापुढे कुठला डाग टिकलाय.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मनगट सुजलंय. पण सगळ्या लखलखीत! पडवीत उन्हात ओळीने मांडल्या. "शालन, बघ गं," असं चक्क मोठ्याने म्हणालो. शेजाऱ्यांची मांजर तेवढी बघत होती.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

रेशन दुकानात अर्धा दिवस गेला. ई-केवायसी. सखारामच्या यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. मग एकेक बोट. मागे रांग, बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सखाराम म्हणतो, "काका, तुमची बोटां बोटीनं खाल्लीन!"

खरंच खाल्ली. दोरखंड, थिनर, ॲसिड. बोटं गुळगुळीत झालीत नुसती. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तर दोर ओढायच्या विंचच्या वायरने तिरकं कापलं होतं, व्रण अजून आहे. त्या वेळी कंपनीने मध्येच घरी पाठवलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्या एका दिवाळीला मी घरी होतो, आणि ती दिवाळी मी धुसफुसत काढली, अर्धं कॉन्ट्रॅक्ट बुडालं म्हणून. मृणालीही परीक्षेमुळे पुण्याहून आली नव्हती. घरात आम्ही दोघंच. शालनने चकल्या केलेल्या, बाकी काही आठवत नाही.

निघताना सखाराम म्हणाला, "काकींचा एका फटक्यात लागायचा." त्याला काय, तो बोलून गेला. घाटी चढताना मी दोनदा थांबलो. तिचं बोट यंत्राला पटकन ओळखू यायचं.

शनिवार, २० सप्टेंबर

हे नीट लिहिता येईल की नाही कळत नाही.

कपाटाच्या आतल्या खणात, मंगळसूत्राच्या डबीमागे आणखी एक लगड सापडली. डब्यात इतरांबरोबर नव्हती. वॉयलमध्येही नव्हती, माझ्या एका जुन्या चौकड्यांच्या रुमालात बांधलेली. शेवटची असेल, तिच्याकडचं वॉयल संपलं असेल. रांगोळी भिजवून बसलो, तेवढ्यात मृणालीचा व्हिडिओ कॉल. लेक ठाण्याला असते, रोज संध्याकाळी करते.

उजळलेल्या लगडी तिला एकेक करून दाखवल्या. वाटलं म्हणेल, वा बाबा! ती पडद्याजवळ आली. मग विचारलं, "आणि ती हातातली?"

म्हटलं, हीच राहिलीय, आता घेतो हिला.

"बाबा, थांबा! खाली ठेवा ती. आधी खाली ठेवा!"

कॅप्टनने ओरडावं तशी ओरडली. ठेवली.

मग तिने सांगितलं. धनत्रयोदशीची पूजा झाली की शालन करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवायची, हळदीत, मग कुंकवात, आणि नव्या लगडीवर मधोमध टेकवायची. तशीच गुंडाळून ठेवून द्यायची. कुंकू पुढे झडून जातं. बोट राहतं. मृणालीने लहानपणी विचारलं होतं, आई, डाग पडतो ना गं? शालन म्हणाली होती, पडू दे. लावलेलं पुसायचं नसतं.

"तो डाग नाही बाबा. ते आईचं बोट आहे."

मी विचारलं, सगळ्यांवर?

"सगळ्यांवर."

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. ती पडद्यावर रडत होती आणि समोर सगळ्या लगडी चकाकत होत्या. इतक्या स्वच्छ की माझं तोंड दिसत होतं त्यांच्यात.

रविवार, २१ सप्टेंबर

जोर लावून पुसली मी. जोर लावून!

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. आरत्या ऐकू येतात आळीतून. मी गेलो नाही.

पेपर वाचायचं भिंग घेऊन उरलेली लगड बघितली. हात लावला नाही, रुमालाच्या टोकाने धरली. मधोमध बोट आहे. आहे! रेषा दिसतात, एकीत एक, भाताच्या वाफ्यांच्या बांधांसारख्या. मधून एक पांढरी तिरकी रेघ गेलीय, तिथे काळं नाही. रुमालाची घडी पडली असेल.

शालनचा हात मी कधी असा भिंगातून बघितला का? साधा तरी किती बघितला? चार महिने घरी, आठ महिने पाण्यावर. घरी असलो तरी मित्र, मासे, आंब्याची कलमं. ती वाढायची आणि मी ताटाकडे बघायचो.

मला तिची आठवण येते. फार येते. हे कोणाला सांगायचं? आप्पांना सांगितलं तर म्हणतील नामस्मरण कर.

गुरुवार, २५ सप्टेंबर

टाकासाठी उजळलेल्यांतली एक लगड घेऊन संदेशकडे गेलो. संदेश सोनार. त्याच्या वडिलांपासून शालन याच दुकानातून घ्यायची. लगड हातात घेऊन तो म्हणाला, "काका, केवढी घासलीय! चरे पडले." मग रीत म्हणून विचारलं, "हिच्यावर काही खूण वगैरे ठेवायची नाही ना? वितळवतो."

म्हटलं, नाही. होती.

मग रुमालातली काढली. ही वितळवायची नाही, फक्त सांग हिचं काय करू. त्याने भिंग लावलं. काळं झालं म्हणजे चांदी खराब झाली असं नसतं म्हणाला. हवेने होतं. बोटाचा ओलावा, घाम लागतो तिथे आधी धरतं, म्हणून ठसा उठलाय. पण बाकीची जागाही हळूहळू तेवढीच काळी होणार. मग ठसा कुठला आणि चांदी कुठली, काय कळणार नाही.

"मग ठसा सोडून आजूबाजूचं पुसून दे की."

"फडक्याने ठशाची कड जाणार काका. आज थोडी, उद्या थोडी."

"मग?"

"घट्ट बंद करून ठेवा. हवा नको, हात नको. त्यातून तुमचं घर समुद्रावर."

"आणि बघायची झाली तर?"

"नाय बघायची," म्हणाला.

पुसावी तर जाणार, न पुसावी तरी जाणार. आणि जपायची तर डोळ्यांआड. गंजाशी इतकी वर्षं भांडलो, पण असा अडकलो कधी नव्हतो. तिथे निदान रंगाचा डबा तरी हाताशी असायचा.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. टाक बसला.

आप्पांनी पंचामृत घातलं, मंत्र म्हटले, आईच्या टाकाशेजारी जागा केली. टाकावर बाई आहे. दोन हात, चपटं नाक, कपाळावर ठिपका. संदेशकडे साचा एकच. आईचा टाकही असाच, आजीचाही असाच. शालनचं नाक शेंड्याला जरा वर होतं, हसली की आणखी वर जायचं. कुठे आहे ते? आतली चांदी तिने हाताळलेली, हे मला माहीत आहे. पण हाताळल्याची खूण मी आधीच धुऊन टाकली होती, आणि मग ती वितळवली.

नमस्कार केला. सगळ्यांनी केला म्हणून.

आप्पांचे डोळे भरले होते, हेही लिहायला हवं. "गऱ्यांची भाजी तिच्यासारखी कोनाला जमली नाय," म्हणाले. तो माणूस वाईट नाही. पण लगेच माझ्या खिशातला रुमाल बघून विचारलं, हे काय? दाखवली. "काळी चांदी घरात ठेवू नये, भिका. लक्ष्मीपूजनात तर नायच नाय. यमुना दिवाळीच्या आधी येईल, देईल घासून."

मी लगड परत रुमालात बांधली. बोललो असतो तर सणाच्या दिवशी वाद झाला असता.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

संदेशने दिलेल्या जाड पिशवीत घातली, कापूर आणि खडूचा तुकडा टाकला, हवा दाबून काढली. डब्यात ठेवली. डबा कपाटात. कपाटाला कुलूप.

चहा प्यायलो. कुलूप काढलं. कपाट, डबा, पिशवी. बघितली.

रोज हेच चाललंय. बघून झालं की वाटतं आता पुरे, आणि भांडी घासून होईतो परत तोच विचार. दर वेळी थोडी हवा आत जाते, दर वेळी ती थोडी आणखी काळी होते. कोपरे तर गेलेच. माझ्याच बघण्याने ती जातेय. माणसाने काय करावं? मृणाली म्हणते, "बाबा, फोटो काढून ठेवा ना." काढला. फोटोत नुसता काळा चौकोन आणि माझ्या हाताची सावली.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज मी वहिनींवर ओरडलो.

दिवाळीची साफसफाई करायला आल्या होत्या. न सांगता येतात, जळमटं काढतात, डबे पुसतात, जाताना आमटी ठेवून जातात. शालन गेल्यापासून त्यांचं हे चालू आहे. मी मासळी आणायला जेट्टीवर गेलो होतो. डबा देव्हाऱ्यापुढेच राहिलेला, सकाळी बघून झाल्यावर कुलपात ठेवायचा विसरलो.

परत आलो तर वहिनी मोरीपाशी बसलेल्या. डाव्या हातात लगड, उजव्या हातात ओली राख.

"टाका ती!" असा ओरडलो की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. पिशवीतले बांगडे दारात पडले. वहिनींच्या हातातून लगड सुटली, राखेत नाही, बाजूला पायपुसण्यावर पडली. नशीब!

वहिनी रडायला लागल्या. "मी काय परकी का भावजी? ह्यांनी सांगलान म्हनून घेतली हो हातात. चोरी करीत होते का?" सत्तरीची बाई, गुडघे धरून उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग भिंग दिलं आणि लगड पुढे धरली. सगळं सांगितलं. बाकीच्या पुसल्या तेही.

त्यांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ. मग हातावरची राख पदराला पुसली, राखेचा हात लगडीला लागू नये म्हणून असेल. म्हणाल्या, "लावलेलं पुसू नये, भावजी. बायकांना ठाऊक असतं हो. तुम्हाला कोन सांगनार? तुम्ही कधी होतात दिवाळीला?"

रागाने नाही म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या. मी बांगडे गोळा केले.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, "ह्यांना मी सांगते. काळी तर काळी. पूजेत राहू दे."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काळं चारी कडांनी आत येतंय. रेषा बाहेरच्या बाजूने बुडायला लागल्या. मधली तिरकी रेघ तेवढी अजून स्पष्ट आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. मृणाली आली. सकाळच्या गाडीने, एकटीच. जावई रजा मिळाली तर पाडव्याला येतील.

मला धाकधूक होती. फोनवर एक आणि समोरासमोर एक. बॅग ठेवली, पाय धुतले, सरळ देव्हाऱ्याशी गेली. टाकाला नमस्कार केला, बघत राहिली, आणि एकदम हसू फुटलं तिला. "बाबा, आईने हे नाक बघितलं असतं ना, तर तुम्हाला जेवण नसतं मिळालं." मग आम्ही दोघंही हसलो. वर्षभरात पहिल्यांदा या घरात असं हसणं झालं. हसता हसता ती रडली, आणि मीही.

म्हणाली, "मी तुमच्यावर चिडले होते. खूप. मग वाटलं, तुम्ही तिच्या वस्तू नीट ठेवायला गेलात. टाकून नाही दिल्यात." लेकीने बापाला असं समजावायचं! पण बरं वाटलं.

संध्याकाळी लगड बघितली तिने. भिंगातून. येताना काचेची डबी आणलीय, झाकणाला रबर असलेली. मी म्हटलं रबर नको, संदेश सांगत होता रबराने चांदी आणखी काळी होते. मग बंदरावर फिरायला गेलो आणि येताना दुसरी डबी घेतली.

उद्या पूजेत मांडायची, डोळे भरून बघायची आणि डबी बंद करायची. परत उघडायची नाही. मी कबूल झालो. उद्या संध्याकाळपर्यंतच तिचं बोट माझ्याजवळ आहे, मग आहे म्हणून माहीत असेल, एवढंच.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. सकाळी मृणाली म्हणाली, "बाबा, यंदाची लगड तुम्ही आणा. आई असती तर तिने आणली असती." गेलो. संदेशच्या दुकानात बायकांची ही गर्दी! मी एकटा पुरुष लहान लगड मागणारा. एक बाई दुसरीला कोपराने ढोसत होती. संदेशने ती पातळ कागदात गुंडाळून दिली, म्हणाला, "काकी हाताने चाचपून घ्यायच्या. तुम्ही नाही बघणार?" मी चाचपली. थंड होती.

पूजा मांडलीय. मृणाली म्हणते, "नवीवर बोट तुम्ही लावायचं. करंगळीशेजारचं. आधी पाणी, मग हळद, मग कुंकू." मी म्हटलं, तू लाव, तू बाई माणूस. "तुम्हीच," म्हणाली. आईचाच स्वभाव.

हाक मारतेय. डायरी इथेच ठेवतो.

त्याच दिवशी, पूजेनंतर

बोट टेकवलं, उचललं. रेषा उठल्याच नाहीत, गुळगुळीत कुंकू. फक्त मधून एक तिरकी रेघ, व्रणाची. तिथे कुंकू लागलं नाही.

मृणालीने जुनी लगड शेजारी ठेवली. तीच रेघ. त्याच बाजूला तिरकी. तेव्हा माझ्या बोटाला रेषा अजून होत्या.

आता आठवलं. हाताची पट्टी नुकतीच सुटली होती, मी टीव्हीपुढे बसलो होतो, आणि शालन ताट घेऊन आली होती. "अहो, यंदा तुम्ही घरी आहात. बोट तुम्ही लावा." मी बातम्यांवरची नजर न काढता लावलं होतं.

तिची सगळी बोटं मी पुसली. माझं एक तिने जपलं.

रुमाल माझा होता. मला वाटलं, तिच्याकडचं वॉयल संपलं असेल.